टेम्पोच्या आधी चहा

माणसाचं आरोग्य तो काय खातो यापेक्षा काय पितो यावर ठरतं. हे वाक्य माझं नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जनजागृती मेळावा झाला, तेव्हा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी ते उच्चारलं आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं त्याला सोडलं नाही. तेवढ्या वेळात त्यांनी थंड पेयाची एक बाटली संपवून दुसरी उघडली. समोर सतरंजीवर बसलेल्या बायका बाटलीकडे बघत होत्या. मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या इंदू सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. भाषण संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण कधी पितो, ते राहिलं."

हे त्या कुठे शिकल्या ते पुढे येईल. ज्या बाईने त्यांना ते शिकवलं, तिला लिहिता-वाचता येत नाही.

मुळशीत, धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आमचं केंद्र होतं. मी तिथे औषधनिर्माण अधिकारी होतो, म्हणजे गोळ्या मोजून पाकिटात भरायचो आणि पाकिटावर कधी घ्यायच्या ते लिहायचो. इंदू सिस्टर त्या गोळ्या पिशवीत टाकून डोंगरावरच्या वाड्यांत पोचवायच्या. हाताखाली सात वाड्या, पायात रबरी चप्पल. मूळच्या त्या साताऱ्याकडच्या, पण बावीस वर्षांत इथल्या प्रत्येक घराचा उंबरा त्यांना पाठ झाला होता. कोणत्या घरात कुत्रं आहे आणि कोणत्या घरात सासू, याची त्यांची वेगवेगळी यादी होती. दोन्हीकडे सारख्याच सावधपणे जायच्या.

त्यांच्याजवळ दोन वस्तू कायम असत. एक घड्याळ, पुरुषी, मोठ्या तबकडीचं, नाडी मोजायला सोयीचं म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. दुसरी वस्तू म्हणजे रुमालात गुंडाळलेलं खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं माप. या मापाला कारण होतं. आमच्या खोऱ्यात घरी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवत नाहीत, आणि तो न घेणं म्हणजे त्या घराशी भांडण काढणं. सिस्टर दिवसाला बारा-चौदा घरं करायच्या. पहिली काही वर्षं त्यांनी बारा-चौदा कप गोडमिट्ट चहा पिऊन काढली. पुढे पित्ताने हैराण झाल्यावर त्यांनी हा तोडगा काढला. चहा समोर आला की रुमालातून माप काढायचं, त्यात दहा मिली ओतून घ्यायचा, घरच्या बाईच्या डोळ्यांत बघून एका घोटात प्यायचा आणि छान झालाय म्हणायचं.

सुरुवातीला लोकांना हे अपमानास्पद वाटलं. वरच्या वाडीतल्या धोंडाबाईंनी तर पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "शिस्टर, आमच्या घरचा चहा हाय, पोलिओचा डोस न्हाई." पण हळूहळू सगळ्यांना सवय झाली. पुढे पुढे तर माप दिसलं की बायका कौतुकाने बघायच्या. आपल्या घरच्या चहाला औषधाचा मान मिळतोय, असं त्यांना वाटत असावं.

पेयांबद्दल सिस्टरची मतं ठाम होती आणि प्रत्येक मताला शेपूट होतं. उसाचा रस चांगला, पण बर्फ कुठला ते विचारा. दूध उत्तम, पण तुमच्या घरात राहतं किती, पहाटे काढता आणि सगळं डेअरीला घालता. ताक प्या, पण पोरांच्या ताकात पाणी किती घातलंय ते मला दिसतं. बाटलीतलं थंड पेय तहानेला प्यायल्यावर पुन्हा तहान लागते, मग पहिल्यांदा घेतलंत कशाला. पाण्याची स्तुती त्या करायच्या, पण हंड्यावर झाकण दिसल्यावरच. कुठलंही पेय त्यांनी कधी अमृत म्हटलं नाही आणि कुठल्याही पेयाला विष म्हटलं नाही. अपवाद फक्त एकदा झाला.

मुठ्याकडच्या एका बंगल्यात शहरातल्या लोकांसाठी शरीरशुद्धीचं शिबिर भरलं होतं. शिबिर चालवणारे गृहस्थ स्वतःला आचार्य म्हणवून घ्यायचे आणि पंधरा माणसांशीही माइकवरून बोलायचे. रोज सकाळी सगळ्यांचं ब्लड प्रेशर तपासायला सिस्टरना बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा दुधीच्या रसाचा मोठा जग तयार होता आणि दोघांचे पेले रिकामे झाले होते. तिसऱ्याने तोंड वाकडं केलेलं सिस्टरनी पाहिलं. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, उरलेल्या दुधीचा तुकडा कापला आणि जिभेच्या टोकाला लावून थुंकल्या. भाजी चिरण्याआधी कुठल्याही घरातली बाई हेच करते. दुधी कडू होता.

"हा रस कुणी पिऊ नका. कडू दुधी विषारी असतो," त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. आचार्य माइकवरून म्हणाले की कडूपणा यकृताला पोषक असतो आणि शरीर शुद्ध होताना थोडा विरोध करतंच. सिस्टरनी वाद घातला नाही. जग उचलला आणि हिरवळीवर ओतून दिला. ज्यांचे पेले रिकामे झाले होते ते दोघं तासाभरात आमच्या केंद्रातल्या खाटांवर होते. उलट्या इतक्या झाल्या की सलाइन लावून पुण्याला पाठवावं लागलं. दोन दिवसांनी ते बरे झाले. पुढच्या शिबिरात आचार्यांनी दुधीच्या जागी गाजर आणलं आणि हा बदल प्राचीन परंपरेला धरून असल्याचं सांगितलं.

ही गोष्ट सांगून लोक सिस्टरचं कौतुक करायचे. त्या स्वतः ती कधी सांगायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "त्यात काय, दुधी चाखला." सांगायच्या ती दुसरीच गोष्ट, ज्यात त्यांची चूक होती. ती गोष्ट सुमनची.

सुमन ही धोंडाबाईंची सून. तिचं पहिलं बाळंतपण पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात झालं होतं. अंगात रक्त कमी, म्हणून इथून पाठवलं होतं. तिथे ती नऊ दिवस वऱ्हांड्यातल्या गादीवर होती, नवरा बांधकामावर आणि ओळखीचं माणूस एक नाही. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात तपासलं तेव्हा तिचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आठ भरलं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवव्या महिन्यात दहा झालं तर इथे बाळंतपण करू, नाहीतर पुण्याला. सुमनने ऐकून घेतलं. केंद्राच्या पायऱ्या उतरताना ती सिस्टरना शांतपणे म्हणाली, "पुन्याला म्या न्हाई जायची. दहा न्हाई झालं तर घरीच मोकळी व्हईन."

ती बोलली तसं करणारी होती. आणि तेवढ्या रक्तावर घरी बाळंत होणं म्हणजे काय, हे सिस्टरना माहीत होतं. म्हणजे आता प्रश्न फक्त त्या दोन आकड्यांचा होता. आठाचे दहा करायचे होते.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याने तपासलं, आठ. आणखी पंधरा दिवसांनी, आठच. सिस्टरचा अंदाज आम्हा सगळ्यांचा असतो तोच झाला. सुमन गोळ्या फेकून देत असणार. पोटात मळमळतं म्हणून बऱ्याच जणी देतात. त्यांनी तिला वाडीतल्या चार बायकांसमोर झापलं. सुमन मान खाली घालून उभी राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात सिस्टर एकदा उजाडता उजाडताच वाडीत पोचल्या. एरवी त्यांना अकरा वाजायचे, तोवर बायका रानात गेलेल्या असायच्या. सुमन नुकतीच न्याहारीला बसली होती. ताटात भाकरी, आणि ती भाकरी कोऱ्या चहात चुरलेली. दूध केव्हाच डेअरीच्या कॅनमध्ये गेलं होतं. सिस्टरना बघून तिने पदराच्या गाठीतून गोळी काढली.

"आता बगा, तुमच्याम्होरं घेती," ती म्हणाली. "मंग तरी इस्वास बसंल."

आणि तिने गोळी तोंडात टाकून वर चहाचा मोठा घोट घेतला. मग उठून आत गेली आणि खुंटीवरची एक माळ घेऊन आली. गोळ्यांची रिकामी पाकिटं, सुई-दोऱ्याने एकापुढे एक ओवलेली. एकही दिवस चुकलेला नव्हता. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, न्याहारीसंगं घ्यायची," ती म्हणाली. "तशीच घेती रोज."

सिस्टर त्या दिवशी पुढच्या घरी गेल्याच नाहीत. सरळ डोंगर उतरून माझ्या खिडकीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पाकिटावर तुम्ही काय लिहिता?"

"न्याहारीनंतर एक गोळी."

"न्याहारी म्हणजे काय?"

मी वाचणारा माणूस आहे. सकाळचं पहिलं खाणं, असं मी उत्तर दिलं.

"इथे न्याहारी म्हणजे चहा," सिस्टर म्हणाल्या. "बावीस वर्षं मी चहाला लोह पाजतेय."

चहाबरोबर घेतलं तर गोळीतलं लोह अंगाला फारसं लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. भिंतीवरच्या तक्त्यात ते सगळ्यात खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण तो तक्ता ज्याने लिहिला त्याच्या घरी न्याहारीला पोहे होत असावेत. आणि आम्ही सगळे अकरा वाजता जाणारी माणसं, लोकांची ताटं धुऊन झाल्यावर पोचायचो.

सिस्टरनी ठरवलं की हे सगळ्यांना सांगायचं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की सूचना बदला, पण चूक झाली असं म्हणू नका, लोकांचा विश्वास उडतो. सिस्टर बरं म्हणाल्या, आणि पुढच्या लसीकरणाच्या दिवशी वरच्या वाडीच्या देवळात, सगळ्या बायका जमलेल्या असताना, उभ्या राहून बोलल्या.

"गोळ्या मी दिल्या, पण कशाबरोबर घ्यायच्या ते चुकीचं सांगितलं. सुमनला मी खोटं पाडलं, तिने एकही गोळी बुडवली नव्हती. तुमचं कुणाचं चुकलेलं नाही. माझं चुकलं."

तेहतीस वर्षं मी सरकारी नोकरीत होतो. हे शेवटचं वाक्य मी एकदाच ऐकलं, तेही लसींचा डबा सांभाळायला म्हणून बरोबर गेलो होतो म्हणून. धोंडाबाईंनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला.

"मंग आता चहा सोडायचा म्हंता का काय?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "चहा प्या. फक्त भाकरीपासून तासभर लांब ठेवा. आणि गोळी दुपारी, लिंबाच्या पाण्याबरोबर."

"तास मोजायचा कुनी? मोबाइल बापयांकडं, आन बापय कामावर."

सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं. पण घड्याळ एकच होतं आणि घरं चाळीस. तेव्हा तोडगा काढला तो धोंडाबाईंनी. सकाळी डेअरीचा टेम्पो खालच्या रस्त्यावर येतो, तो सात वाजता हॉर्न देतो आणि सगळ्या वाडीला ऐकू जातो. उठल्यावर उजाडायच्या आत चहा घ्यायचा. हॉर्न वाजल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. "टेम्पोच्या आदी चहा, टेम्पोमागनं भाकरी," असा नियम त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केला आणि सुनेकडे बघितलं. देवळातल्या बायका हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून वाडी हॉर्नवर जेवायला लागली.

सिस्टर टेम्पोवाल्याला भेटून आल्या. हॉर्न लवकर वाजवायचा नाही, उशिरा वाजवायचा नाही, आणि उगाच तर अजिबातच वाजवायचा नाही. तो बिचारा दूध गोळा करणारा माणूस, आपल्यावर एका बाईचं रक्त अवलंबून आहे हे ऐकून गांगरला. एकदा टेम्पो पंक्चर झाला आणि दहा वाजेपर्यंत आलाच नाही. धोंडाबाईंनी अख्खं घर उपाशी ठेवलं. सिस्टरना हे कळलं तेव्हा त्या धावत वर गेल्या आणि सुमनला आधी खायला घातलं. "अहो, पोटुशी बाई आहे," त्या म्हणाल्या. धोंडाबाई म्हणाल्या, "नेम म्हंजी नेम. तुमचाच हाय."

भाकरीबरोबर आता काय प्यायचं, हा प्रश्न होता. घशाखाली कोरडी उतरत नाही. इथेही धोंडाबाईंनाच आठवलं. त्यांच्या माहेरी सकाळी नाचणीची आंबील असायची, आदल्या दिवशी भिजवून आंबवलेली, ताक घालून. चहा आला तशी ती गेली. सिस्टरनी मापात दहा मिली चाखली, मग माप बाजूला ठेवून वाटीभर प्यायल्या. त्यांनी एखाद्या पेयाला शेपूट लावलं नाही, असं मी ऐकलं ते या एकदाच. मी पाकिटावरचा मजकूर बदलला. "गोळी चहाबरोबर नको. दुपारी, लिंबाच्या पाण्याबरोबर." तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हा मजकूर कोणत्या परिपत्रकानुसार आहे असं विचारलं. मी म्हणालो, धोंडाबाईंच्या. त्यांनी ते लिहून घेतलं.

सुमनचं रक्त सातव्या महिन्यात पावणेनऊ झालं. आठव्यात सव्वानऊच्या पुढे. वाडीतल्या बायका रस्त्यात भेटल्या की नमस्काराऐवजी आकडा विचारायच्या. नवव्या महिन्यात तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर सासू आली, दोन शेजारणी आल्या आणि टेम्पोवालाही, कारण त्यानेच त्यांना खाली आणलं होतं. रक्त भरलं नऊ पूर्णांक सात.

डॉक्टर सज्जन माणूस, पण आकड्याला धरून चालणारा, आणि ते योग्यच होतं. त्यांनी पुण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. सुमनने सिस्टरकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. ती फक्त आठवण करून देत होती. सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, "दिवस भरायला अजून तीन आठवडे आहेत. दोन आठवडे द्या. वाढलं नाही तर मी स्वतः हिच्याबरोबर पुण्याला जाईन आणि सुटेपर्यंत तिथे राहीन." मग सुमनकडे वळून, "आणि तू येशील. कबूल?"

सुमन म्हणाली, "तुमी वऱ्हांड्यात निजनार असाल तर यीन."

त्या दोन आठवड्यांत धोंडाबाईंनी सुनेला दिवसातून दोनदा आंबील पाजली, शेजारणींनी शेवग्याची पानं आणून दिली, शहरातले लोक शनिवार-रविवारी येतात त्या बंगल्यांपैकी एकाच्या माळ्याने पाटीभर लिंबं पाठवली. वाडीत कुणाच्याच चुलीवर भाकरी आणि चहा एकत्र दिसला नाही. पुरुषांसाठीही नाही. त्यांचा यात काय संबंध, असं एकाने विचारलं, त्याला बायकोने उत्तर दिलं नाही आणि चहाही दिला नाही.

तपासणीच्या दिवशी माझी खिडकी मी उघडली होती, पण गोळ्या मोजत नव्हतो. सिस्टरनी कागद दोनदा वाचला. मग तो डॉक्टरांपुढे ठेवला. दहा पूर्णांक दोन.

"म्हंजी पास का?" धोंडाबाईंनी विचारलं.

"पास," डॉक्टर म्हणाले, आणि पुण्याची अर्धी लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकली. टेम्पोवाला बाहेर गेला आणि त्याने नियम मोडून हॉर्न वाजवला. लांबलचक. वरच्या वाडीत तो ऐकू गेला की नाही माहीत नाही, पण सुमन घरी पोचली तेव्हा तिथे सगळ्यांना कळलेलं होतं.

मुलगी झाली, एका रविवारी दुपारी, आमच्याच केंद्रात. बाळ चांगलं, आई चांगली, रक्त जेवढं जायचं तेवढंच गेलं. सिस्टर सकाळपासून उपाशी होत्या. धोंडाबाईंनी किटलीतून चहा आणला होता. सिस्टरनी सवयीने रुमाल काढला, उघडला, मापाकडे बघितलं आणि पुन्हा गुंडाळून ठेवला. मग भरलेला ग्लास घेतला आणि दुसराही घेतला. धोंडाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "ह्याला म्हंत्यात चहा पिनं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बाकीच्या सहा वाड्यांनीही आपापला हॉर्न शोधला. एका ठिकाणी शाळेची घंटा, एका ठिकाणी एसटी. गरोदर बायकांची रक्तं वाढायला लागली आणि वरून कौतुकाचं पत्र आलं. त्यात योजनेचं नाव होतं, अधिकाऱ्यांची नावं होती, आणि "क्षेत्रीय कर्मचारी" असा एक शब्द होता. सिस्टरनी ते पत्र वाचून हंड्यावर झाकण म्हणून ठेवलं. झाकण बरोबर बसलं, असं म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे मारुंजीला राहायला गेल्या. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. हिंजवडीच्या गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत दुपार झाली होती. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने नाव विचारलं आणि म्हणाला, "वो टाइमवाली आंटी?" वर गेलो तर हॉलमध्ये चार शेजारणी बसलेल्या. त्यांतली एक पोटुशी, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली. सिस्टर तिला ग्रीन टीबद्दल सांगत होत्या. ग्रीन टी असला तरी टीच आहे, जेवणापासून लांब ठेव. ती पोरगी मोबाइलमध्ये गजर लावून घेत होती.

खिडकीत एक पिशवी होती. नाचणीचं पीठ, दर वर्षी धोंडाबाई पाठवतात. सोबत सुमनच्या मुलीने पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. आजीने विचारलंय, तिकडे टेम्पो येतो का.

शेजारणी गेल्यावर सिस्टरनी विचारलं, "चहा घेणार?"

"घेईन," मी म्हणालो.

"जेवून कधी निघालात?"

मी खरं सांगितलं. रस्त्यात हॉटेलात थाळी खाल्ली, वीस मिनिटं झाली असतील. त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. आम्ही चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. टेम्पोवाल्याने आता नवा टेम्पो घेतलाय, डॉक्टरांची बदली झालीये, सुमन दर महिन्याला वाडीतल्या पोटुश्या बायकांच्या पाकिटांच्या माळा तपासते. मग त्या उठल्या, घड्याळ पुन्हा बघितलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन कप घेऊन आल्या.

मी एक घोट घेतला. आयुष्यात इतका वाईट चहा मी प्यायलो नव्हतो. सगळी नोकरी लोकांच्याच घरी चहा पिण्यात गेली, तो करायला सिस्टर कधी शिकल्याच नव्हत्या.